आजी आजोबांना ‘थँक यू’ का म्हणत नाही?

मेलबर्न, संक्रांतीच्या आदल्या रविवारी

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आईने मोठ्याने वाचून दाखवले. नागपूरला जाऊन तुला तीन आठवडे झाले, आणि एवढ्या दिवसांत आजीने आजोबांना किंवा आजोबांनी आजीला एकदाही ‘थँक यू’ म्हटलेले तू ऐकले नाहीस. आजोबा तिला नावाने हाक मारत नाहीत, नुसते ‘अगं, ऐकलं का’ म्हणतात. आजी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी ठेवते आणि काही न बोलता निघून जाते. ‘त्यांचं भांडण झालंय का?’ असे तू विचारले आहेस, आणि ‘तुम्ही दोघं तर घरी सारखं थँक यू म्हणता’ असेही खाली लिहिले आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भांडण झालेले नाही. भांडण झाले की आजोबा जेवताना दोनदा ‘पुरे’ म्हणतात आणि आजी तिसऱ्यांदा वाढत नाही, हे तुला एव्हाना कळले असतेच. दुसरी गोष्ट सांगायला मात्र वेळ लागणार आहे.

मराठीत आभार मानण्यासाठी शब्द नाहीत असे नाही. ‘आभार’ आहे, ‘धन्यवाद’ आहे. पण हे शब्द आपल्याकडे बहुतेक करून सभेत राहतात. गणेशोत्सवातला कार्यक्रम संपत आला, लोक चपला शोधू लागले, की कोणीतरी आभारप्रदर्शनाला उभे राहते. त्यातही एखादा वक्ता असे म्हणतोच की, ‘मी आपले आभार मानणार नाही, मला आपल्या ऋणातच राहायला आवडेल.’ लहानपणी मला हे वाक्य फार पोकळ वाटायचे. त्यामागची समजूत मात्र खरी आहे: आभार मानले की देणे फिटले, आणि देणे फिटले की माणसे मोकळी झाली. घरातल्या माणसांना एकमेकांपासून असे मोकळे व्हायचे नसते. म्हणून तू आजीला चहाबद्दल ‘थँक यू’ म्हणालीस तेव्हा ती ‘काऊन बाप्पा, मी काय परकी आहे का?’ असे म्हणाली असणार. तू तसे लिहिलेले नाहीस, पण मी पैज लावायला तयार आहे.

तुझी आई 2008 च्या जूनमध्ये इथे आली. मी तिच्या आधी तीन महिने आलो होतो. जूनमध्ये नागपूरला मृगाचा पाऊस पडून माती वास देऊ लागते. इथे ऐन हिवाळा असतो आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की अंधार पडतो. नागपूरच्या धरमपेठेतल्या घरात दिवसभर कोणी ना कोणी दाराशी असे. दूधवाला, भाजीवाल्याची आरोळी, शेजारच्या काकू, कपडे वाळत घालताना गच्चीवरून गच्चीवर चालणाऱ्या गप्पा. इथे तिचे दार आठवडा आठवडा कोणी वाजवत नसे. ती दुपारी रेल्वे स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची आणि दोन-तीन गाड्या बघून परत यायची, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तिला घरची आठवण येत असेल हे मला समजत होते. तसे मी विचारले तर माझी स्वतःची आठवण बाहेर पडेल, अशी भीती वाटत असल्याने मी विचारत नव्हतो. तीही माझ्यासाठीच गप्प राहत होती, आणि असे आम्ही दोघे एकमेकांना सांभाळत एकाच टेबलावर मुकाट जेवत होतो.

त्याच दिवसांत मला ‘थँक यू’ म्हणायची सवय लागली. कार्यालयात दार धरले तरी, कागद दिला तरी, बसमधून उतरताना चालकालासुद्धा सगळे म्हणत. मला ते आवडले, आणि मी ते घरी आणले. चहा दिला, थँक यू. पोळी वाढली, थँक यू. आपण आपल्या वडिलांपेक्षा सुधारलेले नवरे आहोत, असे मला मनातून वाटत होते हे कबूल करतो. तीन-चार आठवडे तिने ऐकून घेतले. मग एका रात्री वरणाची पळी भांड्यात तशीच ठेवून ती म्हणाली, ‘मी काय कँटीन चालवते का? तुम्ही थँक यू म्हणालात की बोलणं तिथेच संपतं. नागपूरला निदान कोणीतरी मला विचारायचं, जेवलीस का म्हणून.’

त्या वेळी आम्ही घरी फोन करायचो तो दुकानातून आणलेल्या कार्डावर. कार्डावरचा लांबलचक आकडा खरवडून काढायचा, तो दाबायचा, आणि मग मिनिटे संपत जायची. जून-जुलैत आपल्यात आणि नागपुरात साडेचार तासांचे अंतर असते, त्यामुळे इथे आमची रात्र पडे तेव्हा तिथे दुपारची जेवणे उरकलेली असत. आजीचा पहिला प्रश्न ‘जेवले का?’, दुसरा ‘काय केलं होतं?’, आणि कार्ड संपत आल्याची सूचना वाजू लागली तरी ‘वेळेवर जेवत जा’. महागडी मिनिटे असल्या प्रश्नांवर जातात म्हणून मी चिडायचो. तुझी आई मात्र त्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे द्यायची: वांगी इथे कशी मिळतात, पोळ्या का तुटतात, तुरीची डाळ आणायला डँडेनाँग या उपनगरापर्यंत कसे जावे लागते. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा निवळलेला असे. त्या रात्रीनंतर मीही संध्याकाळी आल्या आल्या ‘दुपारी जेवलीस का?’ असे विचारू लागलो, आणि स्टेशनच्या बाकाची गोष्ट मला तेव्हा कळली.

आता आजोबांकडे वळू. सध्या नागपुरात संत्री आहेत. दुपारी जेवणे झाल्यावर आजोबा पेपर मांडीवर पसरून काय करतात ते पाहा. ते संत्रे सोलतात, एकेक फोड वेगळी करतात, तिच्यावरचे पांढरे धागे काढतात, आणि ताटली आजीकडे सरकवतात. आजीच्या बोटांचे सांधे दुखू लागल्यापासून हे सुरू झाले. त्याआधी ही ताटली आजीच आमच्यासाठी भरायची. ताटली सरकवताना आजोबा काही बोलत नाहीत. आजी उलट, ‘बी राहिली की हो यात’ अशी तक्रार करते. इथे ऑस्ट्रेलियात मँडरिन भर थंडीत, म्हणजे जुलैत मिळतात. पहिल्या वर्षी मी ती आणून तशीच सोलायला बसलो, तेव्हा तुझी आई हसली, आणि तिनेही पहिल्या घासाला बी काढून दाखवली.

हे सगळे वाचून आपली जुनी पद्धत तेवढी चांगली आणि इथली कोरडी, असा अर्थ तू काढू नयेस. न बोललेले आभार पुष्कळदा मनातही नसतात. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आमच्या घरचा एकुलता एक कूलर तेव्हा बैठकीत असायचा, आम्ही सगळे त्याच्यासमोर आणि आजी स्वयंपाकघरात. पहाटे गच्चीवर कुरडया आणि शेवयांसारखे सरगुंडे वाळत घालून ती खाली यायची, सकाळभर चुलीपाशी असायची, सगळ्यांचे झाल्यावर शेवटी जेवायची. ती जेवली की नाही, हे तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मी तरी विचारले नाही. माणसाला गृहीत धरणे आणि माणसाशी एकरूप असणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. तुझ्या प्रश्नाने मी थोडा अडखळलो तो याच जागी, आणि म्हणून उत्तर द्यायला चार दिवस लागले.

आम्ही दोघे आता थँक यू म्हणतो ते तुझ्यामुळे. तू पाळणाघरातून ‘ता’ म्हणायला शिकून आलीस. इथे बाळांना थँक यू जड जाते म्हणून आधी ‘ता’ शिकवतात. खेळण्यातली बशी तू आमच्यापुढे धरायचीस आणि आम्ही ‘ता’ म्हटल्याशिवाय ती सोडायची नाहीस. तुझ्यासमोर आम्ही एकमेकांनाही म्हणू लागलो आणि ते तसेच राहिले. तू निजल्यावर मात्र आई जुन्या वळणावर जाते. एरवी ‘अहो’, आणि रागावली की माझे नाव, आडनावासकट.

नावावरून आठवले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालतील. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला बायका आजीला नाव घ्यायचा आग्रह करतील. ती आधी नाही नाही म्हणेल आणि मग उखाण्यात आजोबांचे नाव घेईल; त्या वेळी तू तिच्याजवळ उभी राहा, आणि आजोबा आतल्या खोलीत पेपर वाचत असल्याचे नाटक कसे करतात तेही डोकावून बघ. शेजारच्या काकूंनी तिळाच्या वड्या वाटीतून पाठवल्या, तर ती वाटी रिकामी परत देऊ नकोस. चिमूटभर साखर तरी घालावी. पतंग उडवायला गच्चीवर जाशील तेव्हा मांजा सुती असल्याची खात्री कर, नायलॉनचा घेऊ नकोस, कोणी फुकट दिला तरी.

निघताना आजी संत्रा बर्फीचे दोन डबे बांधून देणार. तिला नाही म्हणू नकोस. पण दुधाची मिठाई इथे आणता येत नाही. मागच्या खेपेला मी इथल्या विमानतळावर सामानाची माहिती देण्याच्या कार्डावर खरे लिहिले आणि दोन्ही डबे तिथल्या पिंपात गेले. हे आजीला आम्ही अजून सांगितलेले नाही. म्हणून एक डबा नागपुरातच मोकळा कर आणि दुसरा दिल्लीला विमान बदलताना मामासोबत बसून संपव. पोचल्यावर तिचा फोन येईल, आणि बर्फी कशी होती असे तिने विचारले की तुला खरे उत्तर देता यायला हवे.

तुझा,
बाबा