मिशिगन स्टेडियमला ‘बिग हाउस’ का म्हणतात?

आकारामुळेच. मिशिगन विद्यापीठाच्या, अ‍ॅन आर्बर शहरातल्या या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमची प्रेक्षकक्षमता १,०७,६०१ आहे, अमेरिकेत सर्वाधिक. आकड्यातला शेवटचा ‘एक’, म्हणजे एक जादा आसन, फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाचा, असं मानतात.

मला मात्र त्याची बांधणी जास्त भावते. १९२७ मध्ये विद्यापीठाचे क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांनी ते बरंचसं जमिनीत खोदून बांधून घेतलं. त्यामुळे फाटकातून आत शिरलात की पायऱ्या चढायच्या नाहीत. मैदानच एकदम पायाखाली खोल दिसतं, विहिरीच्या काठावरून वाकून पाहावं तसं! तेव्हा जागा होत्या साधारण ७२,०००, पण पुढे लाखावर लोक बसतील या हिशेबाने योस्टनी पाया आधीच भक्कम घातला होता. केवढी ही दूरदृष्टी! २०१० मध्ये दोन्ही बाजूंना उंच इमारती आल्या, म्हणून आता ते बाहेरूनही भव्य दिसतं.