टोकन काढायचंय ना, मग चांदी बाजूला ठेव

प्रिय बाळा,

तुझा प्लॅन नीट वाचला. कोपरखैरण्यातल्या बचत गटाच्या बायका, कोपऱ्यावरचा किराणावाला, डबेवाली ताई, टेलरिंगवाली, सगळ्यांनी आपापसात एक ग्रॅम चांदीचं टोकन वापरायचं, एक टोकन म्हणजे शंभर रुपये, म्हणजे पैसा मॉलमध्ये न जाता सेक्टरमध्येच फिरत राहील. हेतू मला मनापासून आवडला आणि म्हणूनच स्पष्ट लिहितोय, आपापसातला व्यवहार नक्की सुरू कर पण तो चांदीला बांधू नकोस.

तू म्हणतेस चांदी असली की लोकांचा विश्वास बसेल. बसेल की, पण मग ते खर्च कोण करणार? आपल्याकडे चांदीचं नाणं घरात आलं की लक्ष्मीपूजनाला चौरंगावर जातं, हळदकुंकू लागतं, मग डबीत घालून कपाटात, ते देऊन कोथिंबिरीची जुडी आणायला कुठली बाई तयार होईल सांग. ठाण्याला नौपाड्यात सराफाकडे अजूनही लोक आजीचे राणीछाप रुपये घेऊन येतात, कडा झिजलेल्या, खाचांमध्ये कुंकू बसलेलं, मूळ वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. इंग्रजांनी १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली तेव्हा लोकांनी हे जुने रुपये दाबून ठेवले, म्हणून तर ते आज काट्यावर येतायत. चांगला पैसा घरात बसतो आणि हलका बाजारात फिरतो, हे तेव्हाही झालं आणि तुझ्या टोकनाचंही होणार.

आता भाव बघ. २०२५ च्या सुरुवातीला चांदी किलोला लाखाच्या आत होती, डिसेंबरात दोन लाखांच्या वर गेली. म्हणजे त्या जानेवारीत तू शंभरचं टोकन दिलं असतंस तर वर्ष संपताना त्यात दोनशेची चांदी, ते वितळवायलाच गेलं असतं. आणि भाव उलटा पडला तर त्यात साठचीच चांदी उरेल आणि सगळ्या बायका एकाच दिवशी तुझ्या दारात उभ्या राहतील, बदलून दे म्हणून. शिवाय चांदी विकत घेताना तीन टक्के जीएसटी आधीच गेलेला, तो कोण भरणार हे तुझ्या हिशोबात कुठेच नाही.

अमेरिकेत हे करून झालंय. बर्नार्ड वॉन नॉटहाउस नावाच्या माणसाने १९९८ मध्ये लिबर्टी डॉलर नावाचं खासगी चलन काढलं, एक औंस चांदीच्या नाण्यावर १० डॉलर छापलेले, पुढे चांदी चढली तसं त्याच वजनावर २० छापायला लागले. २००७ मध्ये एफबीआयची धाड पडली, २०११ मध्ये तो दोषी ठरला, २०१४ मध्ये सहा महिने घरातच नजरकैद. आपल्याकडे कायदा अजूनच सरळ आहे, २०११ चा नाणे कायदा म्हणतो की सरकारी परवानगीशिवाय पैसा म्हणून वापरायला धातूचा तुकडा बनवायचा नाही, द्यायचा नाही आणि तसा चालवायच्या हेतूने जवळही ठेवायचा नाही. तू एकटी नाही, टोकन ज्या बाईच्या पर्समध्ये असेल ती पण अडकू शकते. कागदी कूपन काढू म्हणशील तर 'जो आणेल त्याला मागताक्षणी इतके रुपये देऊ' असलं काही छापायचं नाही, तिथे रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ येतं.

मग चाललं काय? ऑस्ट्रियात वोर्गल गावाने १९३२ मध्ये अशा नोटा काढल्या की दर महिन्याला त्यावर एक टक्क्याचा स्टँप लावावा लागायचा. धरून ठेवलं की तोटा, म्हणून लोक पटापट खर्च करायचे, म्हणजे चांदीच्या बरोब्बर उलटं. पुढच्याच वर्षी तिथल्या केंद्रीय बँकेने ते बंद पाडलं. पण स्वित्झर्लंडमधली विर ही सहकारी व्यवस्था १९३४ पासून चालू आहे, छोटे धंदेवाले एकमेकांच्या खात्यात जमा-नावे करतात, म्हणजे विकलं की जमा, घेतलं की नावे, धातू नाही, सोन्याचा साठा नाही, सभासदांचं काम आणि माल हाच मुख्य आधार.

तू हेच कर, वहीत. प्रत्येकीचं पान, प्रत्येकीला दोन हजारांपर्यंत उधारीची मर्यादा, गटाच्या मीटिंगमध्ये हिशोब मोठ्याने वाचायचा, आणि कोणी सोडून चालली तर उरलेलं रुपयांत मिटवायचं. जीएसटीत वस्तूंची अदलाबदल पण धरतात, त्यामुळे सुरू करायच्या आधी एखाद्या सीएला वही दाखव.

पण खरी गाठ किराणावाल्यापाशी आहे आणि त्यावर तू एक ओळ पण लिहिली नाहीस. डबेवाली त्याच्याकडून तांदूळ घेणार, टेलरिंगवाली साखर घेणार, सगळ्यांचं नावे आणि त्याचं एकट्याचं जमा वाढत जाणार. तो माल आणतो वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, तिथला तूरडाळीचा व्यापारी तुझी वही बघणार पण नाही, त्याला रुपयेच हवेत. दोन महिन्यांत तो वैतागून बाहेर पडला की सगळं बसलं म्हणून समज. म्हणून त्याच्याकडचं पूर्ण बिल वहीत लिहू नको, त्याच्या मार्जिनएवढाच भाग लिही, बाकी रोख किंवा यूपीआय. आणि तो तुमच्यातल्या कोणाकडून काय घेऊ शकतो ते आधी शोध, दुकानातल्या दोन पोरांचा दुपारचा डबा, विकायला पापड, मसाले, मुलांच्या गणवेशाची शिलाई. महिन्याला तो जेवढं घेईल तेवढंच त्याला वहीत चढू द्यायचं, त्यापुढे नाही.

बायकांना चांदी घ्यायचीच असेल तर बचत म्हणून हॉलमार्क बघून, पक्कं बिल घेऊन आपापली घेऊ देत, वहीशी तिचा संबंध नको.

या रविवारी किराणावाल्याच्या दुकानात जाऊन बस त्याच्याशी बोलत, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. महिन्याला तो गटाकडून काय काय घेईल त्याची यादी काढ, रकमेसकट, आणि मला पाठव. मग उधारीची मर्यादा दोन हजार ठेवायची की कमी ते आपण ठरवू.

तुझा
काका