ग्रंथालयात मेकरस्पेस: आधी काय घ्यावं?

प्रश्न: शाळेच्या ग्रंथालयातला एक कोपरा मेकरस्पेससाठी, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायच्या जागेसाठी, मिळाला आहे. आधी थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

उत्तर: नको. एकेक वस्तू छापायला तास लागतात. तोवर बाकीची मुलं नुसती बघत बसतात. पुठ्ठा, कात्र्या, तांब्याची चिकटपट्टी, ५ मिमीचे एलईडी (छोटे दिवे) आणि ३ व्होल्टचे सीआर२०३२ सेल (नाण्यासारखे चपटे) आणा. यातून मुलं पुठ्ठ्यावर पट्टी चिकटवून दिवे लावतात. ही कामं आवाज करत नाहीत, वाचणाऱ्यांना त्रास नाही.

दिवा लागला नाही तर आधी उलटा करून पाहा; दिव्याचा लांब पाय सेलच्या धन टोकाला हवा. तरीही नाही? मग पट्टीचा सांधा तपासा. खालचा गोंद बऱ्याचदा वीज अडवतो, म्हणून कोपऱ्यावर पट्टी कापू नका, दुमडा. एकाच सेलवर लाल आणि निळा दिवा समांतर जोडला, तर लालच उजळतो, कारण त्याला कमी व्होल्ट पुरतात.

सेल मात्र रोज मोजून कुलपात ठेवा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा.