किल्ली मागू नकोस

*'ताई, माझ्या बाबांचं उथळसरला टू-व्हीलरचं गॅरेज होतं. चेतक, प्रिया स्कूटरच्या जमान्यापासून ते आत्ताच्या ॲक्टिव्हापर्यंत. अर्धं ठाणं त्यांना ओळखायचं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर आठवडाभर त्यांनी लोकांच्या गाड्या नुसत्या ऑइलच्या पैशांत चालू करून दिल्या. शेवटपर्यंत नव्यातली नवी गाडी करायचे, आणि स्वतःच्या मोबाईलवर साधा मेसेज टाइप करता यायचा नाही! माझी एकही पालकसभा त्यांनी चुकवली नाही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या संध्याकाळी छोटी स्मरणसभा ठेवलीय, मी बोलणार आहे. पण 'मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' याच्या पुढे पेन सरकत नाही. दादा म्हणतो, भाषण कशाला, चौकात मोठा फ्लेक्स लावू. त्याला बाबांची किंमतच नाही. गाळ्याचं काय करायचं तेही ठरायचंय (किल्ली अजून गॅरेजमधल्या मुलाकडे आहे, मी नववीत असल्यापासून आहे तो, रोज सकाळी येऊन झाडून जातो म्हणे, ती घ्यायची राहिलीय). दादाला कसं समजावू?'*
*— एक मुलगी, वय 36, घोडबंदर रोड*

वय लिहिलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

दादाला काही समजावू नकोस. त्याचाही बाप गेलाय. तू शब्द शोधतेयस, तो फ्लेक्सवाला शोधतोय. लावू दे. तो विषय माझ्यापुरता संपला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसात अडकले. 'गॅरेजमधला मुलगा'. तू नववीत होतीस तेव्हा आला, म्हणजे बावीस वर्षं झाली. तेव्हा तो पंधरा-सोळाचा असेल तर आज तुझ्यापेक्षा मोठा आहे. कदाचित त्याचीच मुलं आता शाळेत जात असतील. मुलगा कसला? पत्रात तू चेतक लिहिलीस, प्रिया लिहिलीस, ॲक्टिव्हा लिहिलीस. गाड्यांची नावं आहेत, याचं नाही.

आता तुझेच पुरावे तुझ्यासमोर मांडते.

पालकसभा. गॅरेजवाल्याची खरी गर्दी सकाळची. माणसं स्टेशनकडे पळता पळता गाडी टाकून जातात, संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर ती तयार लागते. त्या ऐन गर्दीत तुझे बाबा हात धुऊन, शर्ट बदलून तुझ्या शाळेच्या बाकावर येऊन बसायचे. मग गाळ्यावर कोण होतं, पोरी?

पूर. पाणी शिरलेल्या इंजिनाला किक मारायची नसते. प्लग काढायचा, ऑइल सोडायचं, कार्बोरेटर खोलून धुवायचा, एअर फिल्टर वाळवायचा, मग नवं ऑइल. एकेका गाडीमागे तासन्‌तास जातात. आठवडाभर रांग लागली होती आणि ते सगळं दोन हातांत उरकलं? हिशेब कर, 2005 साली तो आलेला होता.

आणि ती मोबाईलची गंमत, जी तू कौतुकाने लिहिलीस. जुन्या चेतकचा आजार प्लग काढला की कळायचा. काळा, ओला असला तर एक दुखणं, पांढरट असला तर दुसरं. कान आणि बोटं पुरायची. पण एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर गेला. आता सेन्सर, इंजेक्शन, स्कॅनर लावून पडद्यावरचा कोड वाचायचा. ज्यांना मेसेज टाइप करता येत नव्हता ते नव्यातली नवी गाडी करत होते म्हणतेस. पडदा कोण वाचत होतं? मी पैजेवर सांगते, उस्तादाने पोराला पाने ओळखायला शिकवले आणि म्हातारपणी पोराने उस्तादाला कोड वाचून दाखवले. तुझे बाबा त्याच्याकडून शिकत होते. केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि तू 'मनमिळाऊ'वर अडून बसलीयस! मनमिळाऊ तर फ्लेक्सवरचा प्रत्येक माणूस असतो.

चिडलेय खरी, पण थोडी स्वतःवरच. नौपाड्यात माझीही एक चेतक होती. रोज सकाळी आडवी केल्याशिवाय चालू व्हायची नाही. साडी सावरत ती कलती करताना सगळी गल्ली बघायची. मेकॅनिककडे नेली की कोपऱ्यात एक पोरगा पेट्रोलच्या डब्यात पार्ट बुडवून ब्रशने घासत बसलेला असायचा. दहाएक वर्षं मी त्याला 'ए छोटू' म्हटलं. नाव विचारलंच नाही. म्हणून तुझा कंस मला बोचला.

तर ऐक. या शनिवारी सकाळी नऊला उथळसरला जा. दादाला नेऊ नकोस, वहीही नको. कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन कटिंग घे. बाबांच्या स्टुलावर बसू नकोस, गिऱ्हाइकं बसतात त्या बाकड्यावर बस. आणि त्याला एवढंच विचार, 'बाबा तुझ्यावर सगळ्यात जास्त कधी चिडले होते?' घरातले बाबा तुला पाठ आहेत. गॅरेजमधले बाबा वेगळे असणार. ते कुणाला शिव्या घालत, कुणाची गाडी हातात घ्यायला नकार देत, कुणाचे पैसे मुद्दाम विसरत, हे त्याला ठाऊक आहे. सुरुवातीला तो 'काही नाही ताई, देवमाणूस होते' म्हणेल. चहा संपेपर्यंत गप्प बस. मग बोलेल.

किल्ली मागू नकोस. ती बाबांनी त्याच्या हातात दिली होती, तुम्ही नव्हे. वर्षभर बंद गाळा झाडायला तो कुणाच्या सांगण्यावरून येतो, याचाही विचार कर. आणि या वर्षभरात त्याच्या हातावर काय पडलं, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तुम्ही पगार देत असाल तर माफ कर मला. नसाल, तर गाळा विकायचा की भाड्याने द्यायचा ही चर्चा त्याच्यासमोर बसून, त्याचं ऐकून करा. तो गाळा चालवू शकणारा एक माणूस तुमच्याकडे आहेच, हे तुम्हा भावंडांच्या डोक्यात आलं कसं नाही?

स्मरणसभेत आधी तो बोलेल, मग तू. चार माणसांसमोर त्याची जीभ वळली नाही तर त्याने सांगितलेलं तू सांग, त्याचं नाव घेऊन, आडनावासकट. भाषणाची काळजी सोड. शनिवारनंतर तुला कागद पुरणार नाही.

आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी तो सकाळपासून येऊन खुर्च्या मांडेल, पाणी भरेल, पंगतीत वाढायला उभा राहील. राहू देऊ नकोस. पहिल्या पंगतीला बसव त्याला, दादाच्या शेजारी, आणि वाढायला तू जा.