मोबाईल लावला तं नुसता चार्ज होऊन राहिला: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत एकच रडगाणं जास्त आहे, मोबाईल कम्प्युटरला जोडला तरी दिसत नाही. म्हणून प्रिंटरचे न् सातबाऱ्याच्या साईटचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त वायरीचं बोलू.

प्रश्न: दादा, माझं गावात झेरॉक्स न् फोटो प्रिंटचं दुकान आहे. कम्प्युटर जुना, विंडोज ७ वाला. गिऱ्हाईक मोबाईल घेऊन येते, आधारचा फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, पोराचा पासपोर्ट फोटो काढून द्या म्हणते. कोणाचा मोबाईल लावल्याबरोबर दिसते, कोणाचा नुसता चार्ज होऊन राहते. भाचा म्हणे ड्रायव्हर (कम्प्युटरले मोबाईल ओळखाले लावणारं सॉफ्टवेअर) टाका. नेटवर शोधलं तं एका ठिकाणी सगळ्या मोबाईलचा एकच ड्रायव्हर असं लिहून होतं, तो टाकला. मोबाईल तं दिसलाच नाही, वरून क्रोम उघडलं का जाहिरातीच जाहिराती. आता काय करू?
(झेरॉक्सवाले भाऊ, दारव्हा तालुका)

उत्तर: भाऊ, पहिले ते जे टाकलं ते काढा, मोबाईलचं मंग पाहू. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडा, तिथं इन्स्टॉल झाल्याच्या तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं का नवीन टाकलेलं सगळं एकाखाली एक येते, त्या दिवशीचं जे जे ओळखीचं नाही ते अनइन्स्टॉल करा. असे ड्रायव्हर एकटे येत नाहीत, सोबत दोन-चार पाहुणे घेऊन येतात. मंग क्रोमच्या एक्स्टेन्शनमध्ये जाऊन अनोळखी काही असलं तं तेही काढा, न् सेटिंगमध्ये कोणत्या साईटले नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ते पाहून बंद करा, कारण अर्ध्या जाहिराती तिथूनच येतात. आणि याच कम्प्युटरवर तुम्ही पैशाचे व्यवहार करत असाल तं साफसफाई होईपर्यंत ते थांबवा, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलून टाका. विंडोज ७ ले मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं आहे, त्याच्यावर प्रिंट काढा, झेरॉक्स स्कॅन करा, पण बँकेचं काम त्याच्यावर नकोच.

आता मोबाईलचं. फोटो न् फाईल काढायसाठी जो ड्रायव्हर लागते तो विंडोज ७ मध्ये आधीपासूनच बसलेला असते. त्याले एमटीपी म्हणतात. सॅमसंग असो, रेडमी असो का विवो, फाईल कॉपीचं काम सगळ्यांचं त्याच एका ड्रायव्हरवर चालते. म्हणजे नेटवरून काही उतरवायची गरजच नव्हती, न् ज्या साईटवर डाऊनलोडची तीन-तीन हिरवी बटनं असतात तिथं तं मुळीच जायचं नव्हतं. भाच्याले सांगा.

मंग दिसत काहून नाही? माझ्या मते तुमच्या दुकानात दोनच भानगडी आहेत, वायर न् नोटिफिकेशन. बाजारात साठ-सत्तर रुपयाले जी वायर मिळते तिच्यातल्या बऱ्याच वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. साध्या यूएसबी वायरीत आत चार तारा पाहिजेत, दोन करंटच्या न् दोन डेटाच्या, चार्जिंगवाल्या वायरीत डेटाच्या दोन टाकलेल्याच नसतात. बाहेरून फरक दिसत नाही पण ओळखता येते: वायर लावल्यावर कम्प्युटरनं टुंग आवाज केला नाही, न् मोबाईलवर बॅटरीचं चिन्ह सोडून यूएसबीचं काहीच नोटिफिकेशन आलं नाही, तं वायर बदला, सेटिंगमध्ये डोकं घालू नका. जिच्यावर एखादा मोबाईल नक्की दिसते अशी एक मायक्रो यूएसबीवाली न् एक टाईप सीवाली वायर बाजूले काढा, तिच्यावर चिकटपट्टी लावा न् कोणाले चार्जिंगले देऊ नका. कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टवर पण भरवसा नाही, आतली वायर ढिली झालेली असते, धूळ बसलेली असते. मागं जिथं माऊस-कीबोर्ड लागतात तिथं लावून पाहा.

वायर बरोबर असली तं नोटिफिकेशन पाहा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ नंतरच्या मोबाईलमध्ये, वायर जोडली का फोन आपल्या मनानं फक्त चार्जिंगवर राहते, मालकाले इचारल्याशिवाय फाईल दाखवत नाही. चांगलीच गोष्ट आहे, नाहीतं बसस्टँडवर कुठंही चार्जिंगले लावलेल्या मोबाईलमधून कोणीही फोटो काढले असते. वरून पट्टी खाली ओढायची, ‘या डिव्हाईसला यूएसबीने चार्ज करत आहे’ असं काहीतरी लिहून असते, त्याच्यावर टच करायचं न् ‘फाईल ट्रान्सफर’ निवडायचं. मोबाईल लॉक असला तं कम्प्युटरवर फोनचं नाव दिसते पण आत डबा रिकामा, म्हणून आधी गिऱ्हाईकालेच लॉक उघडाले लावा. पिन तुम्ही इचारू नका, त्याच्या हातानं टाकू द्या. काही फोन मधातच परत चार्जिंगवर जातात, तं परत निवडायचं.

एवढं करूनही नाही दिसलं तं डिव्हाईस मॅनेजर. विंडोज ७ मध्ये कम्प्युटरच्या चिन्हावर राईट क्लिक, मॅनेज, मंग डावीकडं डिव्हाईस मॅनेजर. तिथं पिवळं उद्गारचिन्ह लागलेलं दिसलं तं राईट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मंग ‘ब्राऊज माय कम्प्युटर’, त्याच्या खाली ‘लेट मी पिक’ म्हणून ओळ आहे ती. यादीत पोर्टेबल डिव्हायसेस घ्या, डावीकडं स्टँडर्ड एमटीपी डिव्हाईस, उजवीकडं एमटीपी यूएसबी डिव्हाईस, नेक्स्ट. इंटरनेट बंद असलं तरी होते हे, कारण फाईल विंडोजच्या पोटातच आहे. तुम्हाले यादीत एमटीपीच सापडली नाही तं समजा कम्प्युटर असेम्बल करणाऱ्यानं ‘लाईट’ विंडोज टाकून दिलेली आहे, त्याच्यातून मीडिया प्लेअर वगैरे छाटलेलं असते न् सोबत हेही जाते. मंग ओरिजिनल विंडोज टाकल्याशिवाय इलाज नाही. तोपर्यंत काम अडलं तं फाईल ट्रान्सफरच्या ऐवजी ‘फोटो ट्रान्सफर’ म्हणजे पीटीपी निवडून पाहा, कम्प्युटर त्या मोबाईलले कॅमेरा समजते न् फोटो तरी निघतात, पीडीएफ मात्र नाही निघत.

अजून एक, तुमच्या धंद्याचं. जुन्या अँड्रॉइडचं मेमरी कार्ड पेनड्राईव्हसारखं एफ नाहीतं जी म्हणून उघडायचं. एमटीपीत तसं ड्राईव्हचं अक्षर येत नाही, म्हणून जुन्या फोटोशॉपातून फाईल ओपन करायले गेलं का मोबाईल त्या यादीत दिसतच नाही, न् आपल्याले वाटते ड्रायव्हर बिघडला. फोटो आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मंग तिथून उघडा. कॉपीच करा, कट करू नका. आपल्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही, अर्ध्यात लाईन गेली न् फोटो इकडंही नाही न् तिकडंही नाही असं झालं तं गिऱ्हाईकाले काय सांगाल. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरात असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ नवीन फोनमध्ये खोल दडलेली असते: अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, मंग व्हॉट्सअ‍ॅप, परत मीडिया, न् शेवटी व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स. एवढं खोदत बसण्यापेक्षा गिऱ्हाईकाले ती पीडीएफ फोनच्या डाऊनलोड फोल्डरात सेव्ह कराले लावा. आणि प्रिंट झाली का डेस्कटॉपवरचा आधार त्याच्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही.

प्रश्न: सर, मी बीसीए करते आणि अ‍ॅप बनवायला शिकत आहे. लॅपटॉपवर विंडोज १० आहे, फोनमधले फोटो बरोबर कॉपी होतात, पण अँड्रॉइड स्टुडिओमध्ये माझा फोन येतच नाही. मैत्रिणीचा फोन येतो पण समोर ‘अनऑथोराइज्ड’ लिहून येतं. मग ड्रायव्हर कोणता टाकायचा?
(विद्यार्थिनी, अंजनगाव सुर्जी)

उत्तर: ताई, तुमच्या फोनले खरंच ड्रायव्हर लागू शकते. फोटो कॉपी होणं वेगळं न् अ‍ॅप फोनमध्ये ढकलणं वेगळं, त्याले एडीबीचा (कम्प्युटरवरून फोनले हुकूम देणाऱ्या साधनाचा) ड्रायव्हर लागते न् तो एमटीपीपेक्षा वेगळा आहे. पण आधी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्याले कम्प्युटरवरून फोनमध्ये काम करू देणारी सेटिंग, चालू आहे का ते पाहा. सेटिंगमध्ये अबाऊट फोन, तिथं बिल्ड नंबरवर सात वेळा टच केलं का डेव्हलपर ऑप्शन्स उघडते (रेडमी-पोकोमध्ये बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय नाहीतं हायपरओएसच्या व्हर्जनवर टच करा), त्याच्या आत डीबगिंगचं बटन आहे.

तरी नाही आला तं ड्रायव्हर. सॅमसंगचा असला तं सॅमसंगच्या स्वतःच्या डेव्हलपर साईटवरून, पिक्सेल असला तं गुगलचा. गुगलचा ड्रायव्हर अँड्रॉइड स्टुडिओतच एसडीके मॅनेजरमध्ये एसडीके टूल्सच्या यादीत आहे, खूण केली का उतरते. बाकी कंपन्यांच्या बऱ्याच फोनले पण गुगलचाच चालून जाते, फक्त तो हातानं बसवा लागते: डिव्हाईस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर अपडेट ड्रायव्हर, लेट मी पिक, हॅव डिस्क, मंग एसडीकेच्या फोल्डरातली अँड्रॉइड विनयूएसबी नावाची आयएनएफ फाईल दाखवा न् अँड्रॉइड एडीबी इंटरफेस निवडा. विंडोज घाबरवते, हा ड्रायव्हर जुळणार नाही वगैरे, तरी येस म्हणा. पिवळं चिन्ह नेमकं कोणाचं हे समजत नसलं तं प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. व्हीआयडीच्या (कंपनीच्या नंबरच्या) पुढं ०४ई८ असलं तं सॅमसंग, २७१७ म्हणजे शाओमी, ०ई८डी म्हणजे मीडियाटेकची चिप.

मैत्रिणीच्या फोनले मात्र ड्रायव्हर नको, तो बसलेलाच आहे, नाहीतं यादीत नावच आलं नसतं. अँड्रॉइड ४.२.२ पासून फोन स्वतः इचारते की या कम्प्युटरले डीबगिंगची परवानगी द्यायची का, ती खिडकी लॉक उघडल्यावरच दिसते न् बहुतेक तिनं पाहिलीच नसन. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जुन्या परवानग्या रद्द करायचं बटन आहे, ते दाबा, वायर काढून परत लावा, यावेळी फोन हातात उघडा ठेवा न् अलाऊ करा.

आणि दोघींचेही फोन अँड्रॉइड ११ किंवा नवीन असतील तं वायरच सोडा ना. वायरलेस डीबगिंग चालू करा, अँड्रॉइड स्टुडिओ क्यूआर कोड दाखवते तो स्कॅन करा, झालं. लॅपटॉप न् फोन एकाच वायफायवर पाहिजेत एवढंच, घरी वायफाय नसलं तं एकीच्या फोनचं हॉटस्पॉट न् दुसरीचा फोन न् लॅपटॉप त्याच्यावर. काम झालं का डीबगिंग बंद करून टाका. तुमच्या लॅपटॉपचं आणखी एक सांगतो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला, लॅपटॉपात बसत असलं तं ११ वर जा.

प्रश्न: महोदय, मी निवृत्त शिक्षक आहे. माझा मोबाईल पायरीवर पडला, काच फुटली, स्क्रीनवर दिसते पण बोट लावले तर काहीच होत नाही. मुलीच्या लग्नाचे सर्व फोटो त्यात आहेत. एखादा ड्रायव्हर टाकून ते संगणकावर घेता येतील काय?
(सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर: गुरुजी, ड्रायव्हरनं नाही होणार. कुलूप फोनच्या आत आहे, तुमचा पिन पडल्याशिवाय फोन फोटो बाहेर देतच नाही, न् फाईल ट्रान्सफर निवडायलेही स्क्रीनवर टच करावंच लागते. पण तुमच्या फोनवर दिसते आहे म्हणता, म्हणजे काम सोपं आहे. मोबाईलच्या दुकानात ओटीजी म्हणून छोटंसं कनेक्टर मिळते, फार महाग नसते. ते फोनले लावा न् त्याच्यात कम्प्युटरचा साधा माऊस खुपसा. स्क्रीनवर बाण येते. (काही फोनमध्ये, विशेषतः ओप्पो-रिअलमी-विवोत, ओटीजी सेटिंगमधून आधी चालू करावं लागते, तिथं हा उपाय अडतो.) माऊसनं पिन टाका. आता अडचण अशी की फोनले तोंड एकच, माऊस लावला तं कम्प्युटरची वायर कुठं लावणार, म्हणून फोटो वायरीनं न काढता माऊसनंच वायफाय चालू करून गुगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू करा न् रात्रभर राहू द्या. गुगलची फुकटची जागा १५ जीबीच आहे, तेवढ्यात नाही मावलं तं माऊसच्या जागी त्याच ओटीजीत पेनड्राईव्ह लावा, पण मंग कॉपीची बटनं दाबायले माऊस उरत नाही, तिथं ज्याच्यात दोन-तीन पोर्ट आहेत असा यूएसबी हब कामी येते. फोन स्विच ऑफ करू नका, न् दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणाला तं हात जोडा, त्यात सगळं पुसल्या जाते. त्यापेक्षा त्याच्याकडून स्क्रीन बदलून घ्या, तिचे पैसे लागतील पण फोटो जागेवर राहतात.

प्रश्न: भाऊ, माझं सेवा केंद्र आहे. केबलचं इंटरनेट गेलं की मोबाईलच्या वायरीवरून इंटरनेट घेते. नव्या कम्प्युटरवर चालते, जुन्या विंडोज ७ वर आरएनडीआयएस नावाचं पिवळं चिन्ह येते.
(मोर्शी तालुका)

उत्तर: ताई, आरएनडीआयएस म्हणजे वायरीवरून इंटरनेट घ्यायचा ड्रायव्हर, हाही विंडोजमध्येच आहे, फक्त ७ ले तो आपल्या मनानं सापडत नाही. यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट वायरीनं कम्प्युटरले देणं) चालू ठेवूनच डिव्हाईस मॅनेजर उघडा, पिवळ्या चिन्हावर अपडेट ड्रायव्हर, लेट मी पिक, यादीत नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स, कंपनी मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, न् उजवीकडं ‘रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाईस’. मायक्रोसॉफ्टचं नावच दिसत नसलं तं ‘शो कम्पॅटिबल हार्डवेअर’ची खूण काढा, यादी लांब होते. दुसरा मोबाईल लावला का परत एकदा करा लागू शकते, म्हणून केंद्रासाठी एकच फोन ठरवून टाका.