पहिलीच ड्युटी, तीही पेशंटच्या घरी

निकाल लागतो, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी हातात पडते आणि ब्युरोचे, म्हणजे घरोघरी सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सींचे, फोन सुरू होतात. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे घरच्या ड्युटीबद्दल आहेत आणि लिहिणाऱ्या बहुतेक जणी नुकत्याच पास झालेल्या आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच.

प्रश्न : मी यंदा जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाले. गाव लातूरकडे. पुण्यातला एक ब्युरो बारा तासांची घरची ड्युटी देतो म्हणतोय. पैसे हॉस्पिटलपेक्षा जास्त आहेत. वॉर्डचा अनुभव फक्त इंटर्नशिपचा. जाऊ का?

लगेच जाऊ नका. निदान सहा महिने, जमले तर वर्षभर, मेडिसिन वॉर्डात किंवा आयसीयूत काढा. वॉर्डात पेशंटचा श्वास बदलला की तुम्ही सीनियर सिस्टरला हाक मारता आणि ती दारातून बघूनच सांगते, डॉक्टरांना बोलव. घरी रात्री तीन वाजता अशी हाक मारायला कोणी नसते. घरचे लोक तुमच्याच तोंडाकडे बघत असतात. पेशंट बिघडतोय हे ओळखणारी नजर दहा बिघडलेले पेशंट पाहिल्यावरच येते, आणि ते पाहायची जागा वॉर्ड. शिवाय पुढे मोठ्या हॉस्पिटलात किंवा आखातात अर्ज कराल तेव्हा अनुभवाच्या दाखल्यावर किती खाटांचे हॉस्पिटल, कोणता विभाग, हे विचारले जाते. तिथे ब्युरोचा दाखला बहुधा कमी पडतो.

घरची ओढाताण असेल, पैसे आत्ताच हवे असतील, तर केस निवडून घ्या. पक्षाघातानंतर स्थिरावलेले, खुब्याचे ऑपरेशन होऊन घरी आलेले, मधुमेहाचे वयस्कर पेशंट चालतील. ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासनळीत बसवलेली नळी), घरचा व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकलेली नळी), पोटातून डायलिसिस या केस आत्ता नकोत. ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळीत कफाचा गठ्ठा अडकला तर हातात काही मिनिटेच असतात. उशाशी त्याच मापाची एक, एक माप लहान अशी दुसरी नळी, कफ ओढणारे चालू सक्शन मशीन आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नसेल तर अनुभवी सिस्टरनेसुद्धा ती केस घेऊ नये.

होकार देण्याआधी फोनवरच विचारा : निदान काय, वय आणि वजन किती, कोणत्या नळ्या आहेत, बेडसोर (पडून राहून होणारी जखम) आहे का, डिस्चार्ज कार्ड घरी आहे का, रात्री घरात कोण असते, अडचण आली तर कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा. यातला वजनाचा प्रश्न हमखास राहून जातो. ऐंशी किलोच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी एकटीला बदलता येत नाही. मग पेशंटला ओढून सरकवले जाते, माकडहाडावरची कातडी चादरीशी घासून सोलते आणि चार दिवसांत तिथे जखम दिसते. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. दुसरा माणूस कोण, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

प्रश्न : ब्युरोवाले मूळ सर्टिफिकेटे जमा करून घेतात. पगाराचे तोंडीच सांगितले आहे. असे चालते का?

मूळ कागद कोणालाही देऊ नका, एक दिवससुद्धा नाही. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे. ब्युरोकडे झेरॉक्स ठेवायची, त्यावर आडवी रेघ मारून "फक्त अमुक ब्युरोसाठी" असे लिहून तारीख टाकायची. सर्टिफिकेटे अडकली की मुलगी अडकते. मग पगार थकला तरी तिला काम सोडता येत नाही.

पगाराचे लेखी घ्या. ब्युरो पत्र देत नसेल तर ठरलेले सगळे स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "बरोबर आहे" असे उत्तर मिळवा. त्यात हे यावे : एका ड्युटीचा दर, ब्युरोचे कमिशन किती आणि ते पहिल्याच महिन्यात कापणार की दर महिन्याला, पैसे कोणत्या तारखेला, जेवण आणि प्रवास कोणाकडे, आठवड्याची सुट्टी पगारी की बिनपगारी, रिलीव्हर (पुढच्या पाळीची सिस्टर) वेळेवर आली नाही तर जास्तीच्या तासांचे काय. भांडण बहुतेक एकाच मुद्द्यावर होते : पेशंट मध्येच ॲडमिट झाला किंवा वारला तर पैसे कोणत्या दिवसापर्यंतचे. ते आधी ठरवा. चोवीस तासांची ड्युटी असेल तर सलग झोपेचे तास किती आणि तेवढा वेळ पेशंटजवळ कोण बसणार, हेही लिहून घ्या. नाहीतर तिसऱ्या रात्री डोळा लागतो आणि नेमका तेव्हाच पेशंट पलंगावरून उतरायला जातो.

प्रश्न : घरचे लोक भांडी, स्वयंपाक सांगतात. "नाही" म्हटले की ब्युरोकडे तक्रार जाते.

पेशंटचे सगळे तुमचे : स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, डायपर, पेशंटची चादर, पेशंटचे फीड (नळीतून द्यायचे पातळ अन्न) तयार करणे. यात कमीपणा मानू नका. अंग पुसतानाच टाचेवरचा पहिला लाल डाग दिसतो. बोटाने दाबून बघा. दाबूनही तो पांढरा पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. घराचा स्वयंपाक, फरशी, पाहुण्यांचा चहा तुमचा नाही. हे पहिल्या तासातच, हसतमुखाने पण स्पष्ट सांगावे. आठवडाभर करून मग नकार दिला तर तो उद्धटपणा वाटतो.

प्रश्न : पेशंटच्या इन्सुलिनच्या सिरिंज संपल्या. मुलाने केमिस्टकडून आणून दिल्या, त्यांचे टोपण लाल नसून केशरी होते. वापरल्या तर चालतात का?

चालत नाहीत. ही चूक घरोघरी होते, म्हणून नीट सांगतो.

आपल्याकडे इन्सुलिनची कुपी दोन ताकदींत मिळते. एका मिलीत ४० युनिट असलेल्या कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिट असलेल्या कुपीसाठी केशरी टोपणाची. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीनुसार आखलेल्या असतात. समजा डोस २० युनिटचा आहे. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिली औषध येते. तेच १०० ताकदीच्या कुपीतून भरले तर पोटात ५० युनिट गेले, म्हणजे अडीचपट. उलट ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले तर गेले फक्त ८ युनिट.

दुसऱ्या चुकीत त्या दिवशी काहीच घडल्यासारखे वाटत नाही, आणि घात तिथेच होतो. साखर चढलेली दिसते, डॉक्टर फोनवर डोस वाढवतात, चार दिवसांनी घरात पुन्हा लाल सिरिंज येते आणि वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने जातो. पहाटे पेशंट घामाने भिजलेला, बरळत असलेला सापडतो. म्हणून दर वेळी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचा, मग सिरिंजवरचा वाचा. जुळत नसतील तर हिशोब करून भरू नका, योग्य सिरिंज मागवा. पेनचे कार्ट्रिज सहसा १०० ताकदीचे असते. पेन बिघडला म्हणून त्यातून लाल सिरिंजने औषध ओढणे म्हणजे हीच अडीचपट चूक.

जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन देऊ नका. साखर ७० च्या खाली आली आणि पेशंट शुद्धीवर, नीट गिळणारा असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, मग डॉक्टरांना.

प्रश्न : राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) जागेवर आहे का हे बघायला तिच्यात हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायला शिकवले होते. आता एक डॉक्टर म्हणतात, ते पुरेसे नाही.

डॉक्टरांचे बरोबर आहे. नळीचे टोक फुफ्फुसाच्या वाटेला असले तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नवी नळी टाकल्यावर खात्रीचा उपाय एक्स-रे. रोजच्या फीडआधी तीन गोष्टी बघा. नाकपुडीशी नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे का. तोंड उघडून बघा, घशात नळीचे वेटोळे झालेले नाही ना. मग सिरिंजने थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या पट्टीवर) टाका, ५.५ किंवा कमी आला तर टोक पोटात आहे असे धरता येते. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर आकडा वर येतो. अशा वेळी शंका असेल तर फीड थांबवून डॉक्टरांना विचारा. खूण चार बोटे बाहेर आली असेल तर नळी आत ढकलू नका.

फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. एका वेळी साधारण २०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत, सिरिंजचा दट्ट्या काढून आपल्या ओघाने उतरू द्यावे. घाईने दट्ट्या दाबला की उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाते. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. हे पाणी हार्ट फेल्युअरच्या किंवा किडनीच्या पेशंटच्या दिवसभराच्या पाण्यात मोजायचे असते. खोकला आला, ओठ निळसर पडले, ऑक्सिजन उतरला तर त्या क्षणी फीड बंद. नंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर पेशंट तसाच टेकलेला राहू द्या. इथे नव्या मुली एका ठिकाणी चुकतात : फीड झाल्यावर कूस बदलायची वेळ होते, आणि त्या पेशंटला आडवे करतात. वेळापत्रकच असे बांधा की आधी कूस, डायपर, सक्शन आणि सगळ्यांत शेवटी फीड.

गोळ्या एकेक करून बारीक कुटाव्यात, मध्ये पाणी सोडावे. एसआर, एक्सआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) किंवा एन्टेरिक कोटेड (आतड्यात गेल्यावरच विरघळणाऱ्या) लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या.

प्रश्न : "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा" असे नातेवाईक म्हणतात. कधी डॉक्टर फोनवरच इंजेक्शन सांगतात. काय करावे?

नातेवाइकांच्या सांगण्यावरून सलाइन कधीही नाही. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या पेशंटच्या फुफ्फुसात त्या एका बाटलीने पाणी भरू शकते. डॉक्टरांनी फोनवर सांगितले तर औषधाचे नाव, डोस, मार्ग आणि वेळ परत म्हणून दाखवा आणि चिठ्ठीचा फोटो मागवा. फोटो येईपर्यंत औषध भरू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून घरी देऊ नका, तो हॉस्पिटलात व्हावा. पुढचे डोस घरी द्यायचे असतील तर ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झाल्यास काय करायचे याचा लेखी आदेश आणि ॲड्रेनलिनचे ॲम्प्युल हाताशी हवे : मोठ्या माणसाला १:१००० चे अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून घरी देण्याचा प्रश्नच नाही.

प्रश्न : सुई टोचली तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, बोट पिळू नका, तोंडात घालू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झाले नसतील तर पहिली केस घेण्याआधी सुरू करा. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा पलंगाजवळच ठेवा.

प्रश्न : रात्रपाळीला पेशंटचा नातेवाईक अंगचटीला येतो. घर कामाची जागा धरतात का?

धरतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाच्या जागेत मोजले आहे. ब्युरोत दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. पण तक्रार नंतरची गोष्ट. त्या क्षणी ११२ फिरवा आणि घराबाहेर पडा. पेशंटला टाकून गेल्याचा दोष येईल या भीतीने थांबू नका. निघताना ब्युरोला आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला "मी निघते आहे, पेशंटजवळ या" असा मेसेज वेळेसह पाठवा. नव्या घरी पहिली ड्युटी दिवसाचीच घ्या आणि पत्ता आपल्या घरी कळवून ठेवा.

प्रश्न : रोजच्या नोंदी कशा लिहायच्या? आणि माझ्या ड्युटीत पेशंट वारला तर?

शंभर पानी वही घ्या, मोकळी ओळ सोडू नका, खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून सही करा. नोंद अशी : "दुपारी २.००. फीड २०० मिली, आधी ॲस्पिरेशन (नळीतून ओढलेला द्राव) १० मिली, पाणी ३० मिली, डोके ४५ अंश. लघवी सकाळी ८ पासून ४५० मिली. ३.१५ ला डावी कूस. उजव्या टाचेवर लाल डाग, मुलीला दाखवला." "पेशंट ठीक" ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. पहिल्या दिवशी पेशंटच्या अंगावरचे दागिने घरच्यांना काढून घ्यायला सांगा. जे राहतील ते वहीत लिहून त्यांची सही घ्या, आणि कपाटाची किल्ली कधीही सांभाळायला घेऊ नका.

पेशंटचा श्वास थांबला तर आधी डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. म्हणून ते पहिल्याच दिवशी वाचा. वेगळा लेखी आदेश नसेल तर कडक जमिनीवर सीपीआर (छाती दाबणे आणि श्वास देणे) सुरू करा आणि घरच्यांना १०८ लावायला सांगा. मृत्यू जाहीर करणे आणि दाखला देणे डॉक्टरांचे काम. तुम्ही वहीत एवढेच लिहा : किती वाजता श्वास आणि नाडी लागली नाही, काय केले, डॉक्टरांना किती वाजता कळवले. डॉक्टर येऊन बघेपर्यंत कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब काही काढू नका. नंतर घरच्यांना विचारून अंग पुसा, नळ्या काढा, उरलेली औषधे आणि दागिने मोजून सहीने ताब्यात द्या, आणि त्या पानाचा फोटो ब्युरोला पाठवून मगच निघा.