जुनं घड्याळ घेताना किंमत योग्य आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन एकजण फेवर-लुबा ह्या स्विस कंपनीचं जुनं सी किंग घड्याळ १२ हजाराला द्यायला तयार आहे, फोटोत डायल एकदम चकाचक आहे, तर भाव बरोबर आहे का. चकाचक आहे म्हणूनच आधी शंका घ्या. पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घामात आणि उन्हात राहिलेलं घड्याळ, त्याचं डायल कोरं करकरीत दिसायलं असेल तर बहुतेक वेळा ते रीडायल असतंय, म्हणजे जुना रंग खरवडून नव्यानं रंगवून छापलेलं. आमच्या दाजींना हे अजून पटलेलं नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर, लातूरला असतात. भाच्याच्या लग्नात घालायला म्हणून त्यांनी ऑनलाइन एक फेवर-लुबा मागवलं, ९,५०० ला. निळंशार डायल, सोनेरी काटे, नवा पट्टा. त्याच सुमारास मी औशाच्या एका रिटायर्ड गुरुजींच्या घरून त्याच कंपनीचं घेतलं होतं ४,००० ला, डायल पिवळट पडलेलं, सहाच्या आकड्याजवळ एक तपकिरी डाग, काचेवर ओरखडे, पण गुरुजींनी पहिल्या दिवसापासून तेच वापरलेलं आणि लातुरातल्याच एका घडीसाजाकडं दर दोन-चार वर्षांनी साफ करून घेतलेलं. लग्नघरात सगळ्या पाव्हण्यांसमोर दाजींनी माझं मनगट धरून दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणले, बघा, ह्याला म्हणतात घड्याळ, आणि आमच्या मेव्हण्यानं चार हजार देऊन भंगार आणलंय. दाजींना उलट काय बोलणार, गप बसलो. पण लई लागलं मनाला.

लग्नाची गडबड संपल्यावर दाजीच म्हणले, चल, गंजगोलाईत तुझ्या त्या चाचाला दाखवू. चाचा हे तेच घडीसाज, वडलांच्या वेळपासून आमच्या घरातली घड्याळं त्यांच्याकडंच जातात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आधी माझ्या घड्याळाचं झाकण उघडलं. मशीनवरच्या पट्टीवर फेवर-लुबाचं नाव कोरलेलं, १७ ज्वेल्स म्हणजे चाकांखालचे खडे, स्विस, आणि बॅलन्स, म्हणजे मागंपुढं झुलणारं चाक, असा मोकळा फिरत होता की बघत बसावं. मग दाजींचं उघडलं. आत एचएमटीचं मशीन! चाचांनी दोनदा बघितलं, भिंग माझ्याकडं दिलं, मग दाजींकडं दिलं. एचएमटीची अक्षरं स्पष्ट दिसत होती. पुढं मशीन केसमधून काढल्यावर कळलं की डायल मशीनवर ज्यांनी बसतं ते मागचे दोन्ही पाय कापून ते गमनं चिकटवलेलं आहे, गमाचे पिवळे थेंब तसेच वाळलेले. आणि चावी, म्हणजे बाजूची फिरवायची मुंडी, आधीपासून जरा तिरकी का बसत होती त्याचंही कारण निघालं, केसचं भोक एका उंचीवर आणि ह्या मशीनचा दांडा दुसऱ्या उंचीवर, जबरदस्तीनं बसवलेला.

आता एचएमटीचं मशीन वाईट आहे असं कुणी समजू नका. १९६१ ला बेंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना सुरू झाला, आणि जनता, पायलट, सोना ही घड्याळं आपल्या बापजाद्यांनी आयुष्यभर वापरली, आजही साफ करून चावी दिली की चालतात. पण मग पैसे एचएमटीचे द्यायचे ना, स्विसचे कशाला? दाजींना एवढंच म्हणलो. त्यांचं उत्तर, टाइम बरोबर दाखवायलंय ना, मग झालं. टाइमच बघायचा असेल तर हजार-बाराशेचं नवं सेलवरचं क्वार्ट्झ घ्यावं, ते ह्या सगळ्यांपेक्षा अचूक चालतंय. जुन्या घड्याळाला माणूस जादा पैसे देतो ते फक्त ते खरं आहे म्हणून. खरेपणा गेला की जादा पैसे कशाचे? हाळीच्या बाजारात बैल घेताना रंगवलेली शिंगं बघून कुणी पैसे मोजत नाही, दात बघतात.

तर तुमच्या सी किंगचं. विकणाऱ्याला सांगा, झाकण उघडून मशीनचा स्पष्ट फोटो पाठव, आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेव. झाकण उघडता येत नाही म्हणाला तर विषय संपला, पुढं भाव करूच नका. फोटो आला तर पट्टीवर नाव कुणाचं आहे ते बघा, स्क्रूच्या खाचा पिळवटलेल्या आहेत का बघा, गंज बघा. मग डायलचा फोटो मोठा करून मिनिटांच्या रेघा आणि तासाच्या दांड्या एका ओळीत येतात का, अक्षरांची शाई पसरलेली आहे का, अगदी खाली स्विस किंवा स्विस मेड लिहिलेलं असतंय ते आहे का आणि अर्धं कापलं गेलंय का. डायल नवं आणि काटे गंजलेले असं अस्सल घड्याळात सहसा नसतं. मागं 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं आहे, बाकी केस पितळेवर मुलामा असू शकते, आणि विकणारे बिनधास्त फुल स्टील म्हणून विकायलेत. पट्टा अडकतो तिथल्या कडा बघा, मुलामा उडाला की आधी तिथंच पितळ दिसतंय. आणि कडा गुळगुळीत गोल झालेल्या असतील तर पॉलिश मारून मारून केस झिजवलेली आहे, तिथंही भाव पाडा.

भावाचं म्हणाल तर लोक काय मागायलेत ते बघून उपयोग नाही, मागायला कुणीही काहीही मागतंय. त्याच मॉडेलचं, तशाच डायलचं खरंच कितीला विकलं गेलं ते शोधा. त्यातून साफसफाईचा खर्च वजा करा, कारण 'नुकतीच सर्व्हिसिंग केलीय' हे प्रत्येकजण म्हणतो आणि बिल कुणाकडंच नसतं. मी शेवटचं केलं तेव्हा १,२०० गेले, पार्ट लागला तर वेगळे. काच, पट्टा, चकाकी ह्याचे शून्य रुपये धरा. आजोबांची आठवण, मिलिटरीतल्या काकांचं, ह्या गोष्टींचेही शून्य, कागद असल्याशिवाय. मूळ डब्बा आणि बिल असेल तर मात्र खुशीनं जास्त द्या.

हातात घेता आलं तर पूर्ण चावी देऊन सोडून द्या, असलं मशीन साधारण दीड दिवस चालायला पाहिजे. डायल वर, डायल खाली, चावी खाली, असं वेगवेगळं ठेवून बघा, प्रत्येक वेळी टाइममध्ये फरक फार पडत असेल तर बॅलन्सकडं काम आहे.

एक सांगायचं राहिलं, रीडायल म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक नसते. पाणी गेलेलं डायल आपल्याकडं लोक स्वतःसाठी रंगवून घ्यायचे, घरचंच घड्याळ असेल तर काही वाईट नाही, आणि विकणारा स्वतःहून रीडायल आहे म्हणून कमी भाव लावत असेल तर घ्या की. एचएमटीच्या बाबतीत तर अजून जपून, सरकारनं २०१६ ला एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून उरलेले पार्ट जोडून 'न वापरलेलं जुनं' म्हणून विकणारे लई झालेत. जांभळं, पोपटी डायल दिसलं की सोडून द्या.

तुमचे १२ हजार बरोबर का चूक, मशीन बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आमचे दाजी ते निळं घड्याळ अजून वापरतात, आणि परवाच ताईकडं म्हणले म्हणे की मेव्हण्याला चांगलं-वाईट कळत नाही. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर गुरुजींचं घड्याळ मला आजही ४,००० पेक्षा जास्त देऊन घ्यायला दोघंजण तयार आहेत, दोघांनीही झाकण उघडून बघितलंय. तुमच्यासाठी एक गिऱ्हाईक आणा, झाकण उघडून दाखवा, आणि तो काय भाव सांगतो ते मला कळवा.